सुपरचार्ज्ड मस्टँग: क्रँककेसचा वास गाडीत येतोय. कॅच कॅन उघडा ठेवू की बंद?

वुडवर्डकर

नमस्कार मंडळी. या विभागात बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

गाडी २०१६ ची मस्टँग जीटी, ५.० लिटरचं कायोटी इंजिन, मॅन्युअल गिअर. मागच्या वर्षी तिच्यावर सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) चढवून घेतला. ईटनच्या टीव्हीएस रोटरवाला, म्हणजे इंजिनच्या डोक्यावर बसतो तो प्रकार. ताकदीबद्दल अवाक्षर काढायची सोय नाही. तक्रार आहे ती वासाची. सिग्नलला उभं राहिलं की थोड्याच वेळात एसीच्या जाळीतून जळकं तेल आणि कच्चं पेट्रोल असा मिश्र वास यायला लागतो. गाडी पळत असताना येत नाही.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून भरणारी जुन्या-नव्या गाड्यांची जत्रा. तिथे सातशे-आठशे हॉर्सपॉवरच्या गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. सगळा वेळ काचा खाली करून बसावं लागलं, आणि बायकोने परतीचा प्रवास मैत्रिणीच्या गाडीतून केला.

ज्या दुकानात काम करून घेतलं त्यांनी सोबत एक कॅच कॅनही लावून दिला, म्हणजे क्रँककेसमधून (इंजिनच्या पिस्टनखालच्या पोटातून) येणाऱ्या वाफेतलं तेल अडवणारा डबा, वर छोटा गोल फिल्टर असलेला. वासाचं विचारलं तर म्हणाले, "सुपरचार्जर म्हटल्यावर एवढं चालायचंच." मला पटत नाही. क्रँककेसमधली ही वाफ नेमकी कशी हाताळायची? कॅन उघडा ठेवावा (वाफ फिल्टरमधून बाहेर), बंद करावा (वाफ परत इंजिनात), की पाइप सरळ गाडीखाली सोडून द्यावा? कोणी केलंय का?

घाटातला_भोंगा

पहिला मी! आमच्या इलेक्ट्रिकमध्ये फक्त पोरांच्या मोज्यांचा वास येतो. त्यावर कॅच कॅन मिळतो का? (ह. घ्या.)

फ्रीमाँटचा_बाळू

माझ्या मित्राकडे हीच गाडी, सुपरचार्जर नसलेली. त्याने ड्रायव्हरच्या बाजूच्या व्हॉल्व्ह कव्हरचा पाइप काढून तिथे असाच उघडा फिल्टर बसवला. आठवड्याच्या आत चेक इंजिनचा दिवा, पी०१७१ आणि पी०१७४, म्हणजे दोन्ही बँक (सिलिंडरांच्या रांगा) लीन, पेट्रोल कमी. आयडल (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) वर-खाली.

कारण सोपं आहे. ती बाजू ताज्या हवेची. क्रँककेसमध्ये जाणारी हवा आधी एअरफ्लो सेन्सरवरून मोजून आलेली असते. फिल्टर लावला की न मोजलेली हवा आत शिरते, संगणकाला तिचा पत्ताच नसतो, आणि इंधन कमी पडतं.

शिवाय आमच्या कॅलिफोर्नियात असला उघडा फिल्टर स्मॉग चेकच्या नजर-तपासणीतच नापास. कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ, म्हणजे मंजुरीचा, नंबर नसलेला असा बाहेरून लावलेला भाग दिसला की तपासनीस मान हलवतो. तुमच्या मिशिगनात चाचणी नाही म्हणून चालतंय.

इंजिनकाका

वुडवर्डकर, उत्तर द्यायच्या आधी दोन प्रश्न.

एक, बाळूने सांगितलेले कोड तुमच्याकडे येतात का? दोन, सुपरचार्जरच्या तोंडाशी, थ्रॉटल बॉडीच्या (हवेच्या दाराच्या) लगेच मागे, एक छोटी नळी असते. पॅसेंजर बाजूच्या व्हॉल्व्ह कव्हरवरल्या पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसची वाफ परत इंजिनात जाऊ देणारा) येणारा पाइप तिला जोडलेला असायला हवा. आत्ता तिथे काय आहे?

(माझी ओळख: पुण्यात इंजिन टेस्ट बेडवर नोकरी झाली. आता फक्त एआरएआय टेकडीवर सकाळी फिरायला जातो.)

टेक्सासचा_तात्या

काका यायच्या आत माझं मत नोंदवून ठेवतो. उघडा कॅन हाच खरा कॅन. तेलाची वाफ परत इंजिनला का पाजायची? माझी गाडी ड्रॅगची आहे. दोन्ही कव्हरांतून जाड पाइप, मोठा डबा, वर फिल्टर, विषय संपला. इनटेक आतून कोरडा ठणठणीत.

बुलेटवाला_कोल्हापूर

आमच्याकडं मिस्त्री एकच सांगतात, इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा गेल्या. तेलाचं झाकण काढा, चालू इंजिनवर. भपाभप धूर आला तर इंजिन खोला. ट्रॅक्टर असो नाहीतर मस्टँग, पिस्टन तोच.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटला ब्रीदरच्या नळीला रबराचा डकबिल असतो बघा. हवा बाहेर सोडतो, आत घेत नाही. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण फाटला की तेल कुठं कुठं येईल सांगता येत नाही. लोक मग इंजिनच्या नावानं बोटं मोडतात.

वुडवर्डकर

@इंजिनकाका: कोड एकही नाही. आयडल अगदी स्थिर. आत्ता टॉर्च घेऊन पाहून आलो. तुम्ही म्हणता ती नळी आहे, तिच्यावर काळी रबरी टोपी बसवून क्लिप लावलीय. दोन्ही व्हॉल्व्ह कव्हरांचे पाइप त्या उघड्या कॅनमध्ये जातात. एअर फिल्टरपासून थ्रॉटलकडे येणाऱ्या मोठ्या पाइपवर पण एक नळी तशीच टोपी घालून बंद आहे. आणि पॅसेंजर बाजूचा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून तिथे साधी सरळ फिटिंग बसवलेली दिसतेय.

@कोल्हापूर: झाकण काढून पाहिलं. थोडी वाफ आहे, भपाभप नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र पिवळट फेस होता.

इंजिनकाका

कोड नाही म्हटल्यावर शंका आलीच होती. बाळूच्या मित्राच्या गाडीत पीसीव्ही ओढत होतं आणि हवा चुकीच्या दाराने येत होती, म्हणून कोड आला. तुमच्याकडे ओढणारं काहीच शिल्लक नाही. म्हणून कोड नाही, म्हणून आयडल स्थिर, आणि म्हणूनच वास.

जरा सविस्तर लिहितो. पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच, त्यालाच ब्लो-बाय म्हणतात. त्यात अर्धवट जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ, कार्बन मोनॉक्साइड, आम्लं आणि उडालेल्या तेलाचे बारीक थेंब असतात. मूळ रचनेत काय होतं? आयडलला थ्रॉटलच्या मागे व्हॅक्यूम असतो. तो पॅसेंजर बाजूच्या पीसीव्ही व्हॉल्व्हमधून हा माल ओढतो, आणि त्याची जागा भरायला ड्रायव्हर बाजूने मोजलेली ताजी हवा आत येते. म्हणजे क्रँककेस सतत धुतला जातो. पाणी आणि पेट्रोल तेलात मुरायच्या आत बाहेर काढलं जातं.

तुमच्या दुकानाने दोन्ही बाजू बाहेर जाणाऱ्या करून टाकल्या. आत येणारी हवा शून्य. एकाच भिंतीला दोन खिडक्या असलेल्या खोलीत वारा खेळत नाही, तसं. दाब साचणार नाही हे खरं, पण पाणी आत राहणार. झाकणाखालचा पिवळट फेस तोच. तुमचं ऑक्टोबर-नोव्हेंबरचं थंड हवामान आणि दहा मिनिटांच्या फेऱ्या यात तो वाढत जातो.

आता सुपरचार्जरमुळे काय बदलतं ते. टर्बोमध्ये, किंवा सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरमध्ये, थ्रॉटल कंप्रेसरनंतर येतो. त्यामुळे बूस्ट (दाबून भरलेली हवा) आला की मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागात) दाब चढतो, आणि पीसीव्हीला उलटं वाहू न देणारा व्हॉल्व्ह असावाच लागतो. तुमच्या प्रकारात थ्रॉटल आधी आणि रोटर नंतर. म्हणजे ती टोपी घातलेली नळी जिथे आहे तिथे बूस्ट कधीच पोचत नाही. आयडलला भरपूर व्हॅक्यूम, आणि पाय पूर्ण दाबला की जवळपास वातावरणाइतकाच दाब. अडचण नेमकी तेव्हाच होते: ब्लो-बाय सर्वांत जास्त, पीसीव्हीची ओढ सर्वांत कमी. मग माल ड्रायव्हर बाजूच्या ताज्या हवेच्या पाइपातून उलटा निघतो. तिथे मूळ रचनेत तो एअर इनटेकमध्ये ओढला जातो, गाडीच्या बाहेर जात नाही.

तर माझं म्हणणं: बंद करा. दोन्ही टोकं परत जोडा.

नुसताच_वाचक

वाचनखूण साठवली. काका, दंडवत.

टेक्सासचा_तात्या

काका, आदर ठेवून असहमत. परत जोडलं की तेल रोटरवरून इंटरकूलरवर (दाबलेली हवा थंड करणारा) जाणार. तेलाचे लांब रेणू ऑक्टेन पाडतात, नॉक सेन्सर (अवेळी पेट घेतल्याचा ठोका ओळखणारा) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, आणि पैसे मोजून घेतलेले घोडे तबेल्यात परत. ज्याच्या डोक्यावर टीव्हीएस आहे त्याचा इंटरकूलर मॅनिफोल्डच्या पोटात असतो. तो धुवायचा म्हणजे अख्खा सुपरचार्जर उतरवायचा. एकदा करून पाहा.

इंजिनकाका

तात्या, त्यातली एकही गोष्ट खोटी नाही. फक्त तुमची गाडी ट्रेलरवरून येते, पाव मैल पळते आणि परत ट्रेलरवर चढते. प्रत्येक दोन-चार फेऱ्यांनी तुम्ही तेल बदलत असाल, पाणी साचायला वेळच नाही. वुडवर्डकर बायकोला घेऊन ट्रॅफिकमध्ये उभे राहतात. तेल इनटेकमध्ये जाऊ नये यासाठी कॅन आहेच की, पण बंद कॅन.

म्युनिकची_माहेरवाशीण

माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा. माझी गाडी जर्मन, सहा सिलिंडर, सुपरचार्जरवाली. नाव घेत नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजिन. अशा इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे पीसीव्हीतून आलेलं तेल व्हॉल्व्हच्या मागे भाजून बसतं. बोअरस्कोपमध्ये पाहिलं तर व्हॉल्व्हचा दांडा काळ्या खरबरीत थराने जाडजूड झाला होता. शेवटी अक्रोडाच्या सालीचा भुगा हवेच्या दाबाने मारून साफ केलं. खरंच अक्रोडाची सालं. हे ऐकून आईने फोनवर विचारलं, "आणि बदाम?"

वुडवर्डकर दादा, तुमच्या २०१६ च्या इंजिनात पेट्रोल पोर्टमध्येच फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात. ही काळजी तुम्हाला नाही. २०१८ पासूनच्या जीटीत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर आहेत.

रच्याकने, वास आत कुठून येतो हेही बघा. एसीची हवा विंडशील्डच्या खालच्या जाळीतून घेतली जाते. बॉनेटच्या मागच्या कडेला एक लांब रबरी पट्टी असते, इंजिनची हवा त्या जाळीकडे जाऊ नये म्हणून. सुपरचार्जर बसवताना कधीकधी ती काढतात, "उष्णता बाहेर पडू दे" म्हणून. तुमची आहे का?

फ्रीमाँटचा_बाळू

अक्रोड-बदाम =))

संदर्भाचा_शौकीन

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. १९६० च्या आधी बहुतेक गाड्यांना 'रोड ड्राफ्ट ट्यूब' असायची. क्रँककेसमधून एक नळी खाली रस्त्याकडे, टोक तिरकं कापलेलं. गाडी पळाली की वाऱ्याने वाफ ओढली जायची, उभी राहिली की नुसती गळायची. जुन्या हायवेंवर प्रत्येक लेनच्या मधोमध काळा पट्टा असायचा तो यातूनच.

लॉस एंजलिसच्या धुरक्याचं रसायन कॅलटेकच्या आरी हागेन-स्मिट यांनी उलगडलं, आणि मग लक्षात आलं की गाडीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी साधारण पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, या नळीतून येतो. १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून सगळ्या अमेरिकेत कंपन्यांनी पीसीव्ही बसवायला सुरुवात केली. प्रदूषण रोखायचं गाडीवरचं पहिलं उपकरण हेच, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या कितीतरी आधीचं.

त्यामुळे "पाइप गाडीखाली सोडून द्यावा का" हा मूळ प्रश्न म्हणजे साठ वर्षं मागे जाणं.

इंजिनकाका

शौकीन, छान आठवण काढलीत. भारतातही टाइप अप्रूव्हलच्या (नव्या मॉडेलच्या मंजुरीच्या) वेळी टाइप ३ ही चाचणी नेमकी याचीच असते: क्रँककेसमधला वायू वातावरणात जाता कामा नये. त्यात इतके ग्रॅम चालतील अशी मर्यादा नाही. जायचाच नाही.

शंकेखोर_शशी

मला एक कळत नाही. फोर्डने लाखो इंजिनं कॅच कॅन न लावता विकली. किटवाले सुद्धा बऱ्याचदा मूळ पीसीव्ही जसंच्या तसं जोडून देतात. मग हा डबा हवाच कशाला? चकचकीत ॲल्युमिनियम बॉनेटखाली बरं दिसतं म्हणून? एखाद्या पावभर तेलासाठी एवढा खटाटोप?

इंजिनकाका

शशी, प्रश्न बरोबर आहे. व्हॉल्व्ह कव्हरमध्ये आतून आडपडदे असतात, तोच कंपनीचा तेल-विभाजक. साध्या वापराला तेवढा पुरतो. सुपरचार्जरमुळे सिलिंडरमधला दाब वाढतो, ब्लो-बाय वाढतो, आणि त्या वेगाने जाणाऱ्या हवेतले बारीक थेंब आडपडद्यांना चुकवून जातात. फोर्ड परफॉर्मन्सच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये मस्टँगसाठी तेल-विभाजक आहे, म्हणजे गरज अगदीच काल्पनिक नाही. पण माझं मत विचाराल तर कॅन ऐच्छिक, बंद वर्तुळ सक्तीचं. पैसे नसतील तर कॅन काढून टाका आणि मूळ पाइप जोडा, उघड्या कॅनपेक्षा ते शंभरपट बरं.

टेक्सासचा_तात्या

शंभरपट म्हणे! टेस्ट बेडवर मोजलंत का? :)

इंजिनकाका

टेकडीवर मोजलं.

बुलेटवाला_कोल्हापूर

पण रिंगांचं कोणी बोलंना. वास जास्त म्हणजे ब्लो-बाय जास्त असंल. आधी इंजिन बघा, मग पाइप जोडत बसा.

इंजिनकाका

कोल्हापूरकर, हा मुद्दा रास्त आहे. वुडवर्डकर, लीक-डाउन टेस्ट करून घ्या. प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के निसटते ते बघतात, आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. तेलाच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. दहा टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त राहा. वीसच्या पुढे गेलं, किंवा एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार वेगळा निघाला, तर कोल्हापूरचे मिस्त्री बरोबर.

पाइप जोडून झाल्यावर घरी करायची परीक्षाही सांगतो. पारदर्शक नळी घ्या, दोनेक मीटर. इंग्रजी यू आकारात एखाद्या फळीला बांधा, निम्मी पाण्याने भरा. पाण्यात चिमूटभर हळद घाला म्हणजे पातळी दिसते. एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवा, दुसरं मोकळं. आयडलला इंजिनकडच्या बाजूचं पाणी वर चढलं पाहिजे. दोन्ही पातळ्यांत दहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक किलोपास्कल. थोडा व्हॅक्यूम हवा, फार नको. पाणी उलट बाजूला ढकललं गेलं तर कुठेतरी तुंबलंय. हे फक्त उभ्या गाडीत, आयडलवर करा. रेस करू नका, नाहीतर हळदीचं पाणी तेलात जाईल.

घाटातला_भोंगा

मस्टँगला हळद लावणार. मुहूर्त कधीचा?

म्युनिकची_माहेरवाशीण

भोंगा =)) अक्षता मी आणते, अक्रोडाच्या.

रेसट्रॅक_रत्नाकर

उशिरा आलो. दोन गोष्टी राहून गेल्या.

काही जण सुचवतील, क्रँककेसचा पाइप एक्झॉस्टला जोडा. हेडरच्या कलेक्टरमध्ये (एक्झॉस्टच्या नळ्या एकत्र येतात तिथे) तिरकी कापलेली नळी घालून, मध्ये चेक व्हॉल्व्ह. एक्झॉस्टचा प्रवाह वाफ ओढतो. उघड्या हेडरच्या रेस गाडीत चालतं. रस्त्यावरच्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सरमुळे मागे दाब असतो, ओढ राहत नाही. वर तेल जाऊन कन्व्हर्टर खराब होतो तो वेगळाच. बेल्टवर चालणारा व्हॅक्यूम पंपही मिळतो. तो तात्यांसारख्यांचं काम.

दुसरं, तात्यांचा उघडा डबा रेसमध्ये चुकीचा नाही. एफआयएच्या (मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत उघडा ब्रीदर असेल तर कॅच टँक सक्तीचा आहे, २००० सीसीपर्यंत किमान २ लिटर, त्यावर ३ लिटर. ट्रॅकवर तेल सांडलं तर मागचा घसरतो. तिथे हेतू तेल पकडायचा आहे, ड्रायव्हरला शुद्ध हवा द्यायचा नाही.

आणि पाइप. कृपया हीटरचा होज वापरू नका. तेलाने तो फुगतो, मऊ पडतो आणि व्हॅक्यूमखाली चपटा होतो. तेल-पेट्रोलला चालणाराच घ्या, पाऊण इंच आतला व्यास. पाइप कॅनपर्यंत उताराने न्या. मध्ये झोळ राहिला की त्यात पाणी साचतं.

टेक्सासचा_तात्या

चला, रत्नाकररावांनी अर्धा तरी न्याय दिला. वुडवर्डकर, रस्त्यासाठी बंद करा बाबा. घरच्या आघाडीवर शांतता महत्त्वाची. पण कॅन आतून जाळी आणि आडपडदे असलेला घ्या. स्वस्तातले बरेच नुसते रिकामे डबे असतात. एका नळीतून वाफ आत, दुसरीतून तशीच बाहेर.

वुडवर्डकर

मंडळी, वृत्तांत देतो.

दुसऱ्या एका गॅरेजात लीक-डाउन करून घेतली. आठही सिलिंडर ६ ते ९ टक्क्यांच्या मध्ये. कोल्हापूरकर, रिंगा शाबूत आहेत.

पाइपांचं काम शनिवारी घरीच केलं. पॅसेंजर बाजूला नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह, तिथून जाळीवाला बंद कॅन, तिथून सुपरचार्जरच्या तोंडाशी असलेल्या नळीला. ड्रायव्हर बाजूला दुसरा, लहान बंद कॅन, तिथून इनटेक पाइपला, एअरफ्लो सेन्सर आणि थ्रॉटल यांच्या मध्ये. दोन्ही रबरी टोप्या कचऱ्यात. फिल्टरवाला डबा उतरवताना त्याच्या बुडाचा स्क्रू काढला तर चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग वर तरंगणारा तेलकट फेस, आणि पेट्रोलचा असा भपकारा की गॅरेजचं दार उघडून पाच मिनिटं बाहेर जाऊन उभा राहिलो. हे सगळं बॉनेटखाली उघड्यावर श्वास घेत होतं.

हळदीची परीक्षा केली. आयडलला पाणी इंजिनच्या बाजूला चढलं, साधारण सात-आठ सेंटिमीटरचा फरक. शेजारी कुंपणावरून बघत होता. त्याला वाटलं काहीतरी पूजा चाललीय. मी पण नाही म्हटलं नाही.

वास बराच कमी झालाय, पण गेलेला नाही. जोरात पळवून सिग्नलला थांबलं की अजून पुसटसा येतो. म्युनिकच्या ताई, ती रबरी पट्टी तपासली. नाहीये. बॉनेटच्या मागच्या कडेला क्लिपांची भोकं रिकामी आहेत.

म्युनिकची_माहेरवाशीण

मग तीच. जोरात पळवल्यावर इंजिनवर सांडलेलं जुनं तेल तापतं, त्याची वाफ पट्टी नसल्यामुळे सरळ जाळीत. पट्टी मागवा, आणि व्हॉल्व्ह कव्हरांवरचं तेल पुसून घ्या. जुन्या कॅनमधून उडालेलं बरंच असणार.

शंकेखोर_शशी

नव्या कॅनमध्ये किती जमतं ते नक्की सांगा. माझी शंका कायम आहे.

वुडवर्डकर

पट्टी आली, बसवली. डीग्रीझर मारून दोन्ही कव्हरं आणि फायरवॉलचा भाग धुतला. परवा डाउनटाउनपर्यंत जाऊन आलो, येताना वुडवर्डवर प्रत्येक सिग्नल लाल. एसी बाहेरच्या हवेवर ठेवला होता मुद्दाम. काही नाही. बायको शेजारी बसली होती आणि वासाबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणजे दुसऱ्या विषयांवर बोलली.

शशी, पॅसेंजर बाजूच्या कॅनमध्ये दोनेक चमचे, तेल कमी आणि पाणी जास्त. ड्रायव्हर बाजूचा जवळपास कोरडा. मी ट्रॅकवर जात नाही, त्यामुळे असेल.

शंकेखोर_शशी

दोन चमचे! म्हणजे दुसरा कॅन शोभेचाच.

रेसट्रॅक_रत्नाकर

ट्रॅकवर एक दिवस घालवा, मग दुसरा कॅन उघडून बघा. शशीलाही बोलवा.

इंजिनकाका

वुडवर्डकर, छान काम. आता एक शेवटचं, आणि हे तुमच्याकडच्या थंडीसाठी महत्त्वाचं आहे. तुम्हीच लिहिलंत, पाणी जास्त. कॅन इंजिनपासून लांब, थंड जागी असेल तर शून्याखाली ते पाणी गोठतं. मग वर्तुळ बंद होतं, क्रँककेसमध्ये दाब चढतो, आणि तो कुठून तरी वाट काढतो: डिपस्टिक उडते, नाहीतर क्रँकचं मागचं सील तेल सोडायला लागतं. ते सील बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. थंडीत गाडी चालवणार असाल तर कॅन दर आठवड्याला रिकामा करा, किंवा त्या महिन्यांत कॅन बाजूला ठेवून मूळ पाइप लावा.

वुडवर्डकर

काका, रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गाडी गॅरेजात झाकून ठेवतो, एप्रिलपर्यंत हात लावत नाही. पण नोव्हेंबरात धोका आहेच, लक्षात ठेवतो. कॅनमधला माल कुठे टाकायचा? गटारात नको वाटतं.

फ्रीमाँटचा_बाळू

गटारात अजिबात नको, त्यात पेट्रोलही आहे. वापरलेल्या तेलाच्या कॅनमध्ये घालून ठेवा, सुट्या भागांची मोठी दुकानं जुनं तेल फुकट घेतात. पण पाणी-पेट्रोल मिसळलेलं आहे हे आधी सांगा, काही जण घेत नाहीत. मग काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर. आणि गॅरेजात वॉटर हीटरच्या जवळ ठेवू नका.

नवा_नाशिककर

धागा पूर्ण वाचला, फार शिकायला मिळालं. माझ्याकडे १.५ लिटर टर्बो डिझेल आहे. इंटरकूलरच्या पाइपाच्या जोडावर तेलाचा ओलावा दिसतो. मीही कॅच कॅन लावू का?

इंजिनकाका

डिझेलमध्ये थ्रॉटलचा व्हॅक्यूम जवळपास नसतो, तिथलं गणित वेगळं. जोडावर थोडा ओलावा असणं नेहमीचं आहे, थेंब गळत असतील तर बोलू. वेगळा धागा काढा, किती किलोमीटर झालेत आणि तेल किती कमी होतं ते लिहा.

बुलेटवाला_कोल्हापूर

आणि आधी झाकण काढून बघा.